वाहून आलेलं कुजकं लाकूड साफ करायला तीन ब्रशचा सेट: पितळी ब्रशसाठी घ्याच

टूथब्रशच्या आकाराचे तीन ब्रश एका पाकिटात येतात बघा, एक स्टीलच्या तारेचा, एक पितळी आणि एक नायलॉनचा. हार्डवेअरवाले गंज काढायला म्हणून विकतात, ऑनलाइन पण मिळतो, दोनशेच्या आत. मी तो फक्त लाकडासाठी वापरते. पावसाळ्यात कोकणात हर्णै, मुरुड, कर्दे या किनाऱ्यांवर समुद्रातून भरपूर लाकडं वाहून येतात, मी त्यांचे लॅम्प आणि की-होल्डर बनवते, आणि या कामात सगळ्यात जास्त वेळ खातो तो कुजका भाग काढणं.

पितळी ब्रशवर मी खरंच खूश आहे. पितळ स्टीलपेक्षा मऊ असतं, त्यामुळे भुसभुशीत झालेलं सगळं भुगा होऊन निघतं आणि खालच्या टणक लाकडाला ओरखडे पडत नाहीत, उलट त्याच्या रेषा मस्त उठून दिसतात. कुठे थांबायचं ते पण हाताला बरोबर कळतं, कुजक्या भागावर ब्रश आत रुततो आणि आवाज जवळजवळ येतच नाही, चांगलं लाकूड लागलं की खरखर सुरू होते, तिथे हात थांबवायचा. गाठींच्या खाचांमध्ये तर ड्रिलला लावायचे मोठे ब्रश पोचतच नाहीत, तिथे हाच लागतो.

पण कुज सगळी सारखी नसते. तपकिरी होऊन चौकोनी तडे गेलेत आणि बोटाने दाबलं की पावडर होतेय, अशी असेल तर ब्रशचं काम पटकन होतं. पांढरट होऊन धागे धागे सुटलेत अशी असेल तर ब्रश नुसता अडकत बसतो, त्याला छोटी पटाशी (सुताराची सपाट धारेची छिन्नी) घ्या आणि रेषेच्या दिशेने ओढून काढा.

गोल गोल भोकं दिसतात ती कुज नाहीये. समुद्रात लाकूड पोखरणारा एक प्राणी असतो, दिसायला अळीसारखा पण आहे शिंपल्यांच्या कुळातला, त्याचे ते बोगदे. आत चुन्यासारखा पांढरा थर दिसेल. लोक ते पुट्टीने बुजवतात, मला अजिबात पटत नाही, अख्ख्या लाकडात बघण्यासारखं तेच असतं. नायलॉनच्या ब्रशने आतली वाळू काढा आणि तसंच ठेवा.

स्टीलचा ब्रश लाकडाला लावूच नका. तारेचे बारीक कण लाकडात राहतात, बाभळीसारख्या टॅनिनवाल्या (म्हणजे तुरट द्रव्य असलेल्या) लाकडात ओल लागली की लोखंडाचे काळे निळे डाग पडतात आणि ते पॉलिशखालून पण दिसतात.

तक्रारी दोन. दांडा प्लास्टिकचा आहे, जोर दिला की वाकतो. दुसरं म्हणजे पितळी तारा गळतात आणि पितळ लोहचुंबकाला चिकटत नाही, त्यामुळे एकेक वेचावी लागते. चष्मा घालूनच घासा, आणि मास्क एन-९५ च, कारण त्या भुग्यात बुरशीचे कण असतात.

ब्रश ओल्या लाकडावर मारू नका, लगदा होतो. लाकूड आधी गोड्या पाण्यात बुडवून ठेवा, पाणी बदलत राहा, मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल धरून ठेवतं आणि वरचं वॉर्निश सुटतं. मग सावलीत नीट वाळू द्या, मोठा ओंडका असेल तर महिने लागतात, घाई नको. लाकूड कोरडं झालं की बुरशी वाढायची थांबते. ब्लीच सगळे सुचवतात पण त्याने वरचे तंतू सुटतात आणि लाकूड लोकरीसारखं होतं, मी वापरत नाही. घासून झालं की गरम पाण्यात टाकणखार (बोरॅक्स) विरघळवून त्याचे दोन हात मारा, कीड आणि बुरशी दोन्हीला चालतो. फिशटँकमध्ये ठेवायच्या लाकडाला मात्र टाकणखार लावायचा नाही.

स्क्रूड्रायव्हर टोचला आणि मुठीपर्यंत आत गेला तर ते लाकूड सोडून द्या, त्याच्यावर लाकूड टणक करणारं महागडं हार्डनर ओतू नका. आणि असलं खारट लाकूड चुलीत पण घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

दुकानात पितळी ब्रश सुटा मिळत असेल, लाकडी दांड्याचा, तर सेटपेक्षा तोच घ्या, आणि नायलॉनच्या जागी जुना टूथब्रश चालतो.