केळीच्या बागेत थर्मल दुर्बीण: हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा वापरल्यानंतर

आधी निकाल सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याशी केळी, मका आणि गोठ्यात चार ढोरं असलेल्या शेतकऱ्याला रात्री शिवारात काय फिरतंय ते बघायचं असेल, तर हातात धरायची थर्मल दुर्बीण, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून अंधारात चित्र दाखवणारी, घ्यावी. 256 बाय 192 पिक्सेलचा सेन्सर पुरतो, पण लेन्स 15 मिलिमीटरपेक्षा लहान नको. बंदुकीवर बसवायचा स्कोप घेऊ नका. का, ते पुढे सांगतो.

आमचं शेत यावल तालुक्यात, डोंगराकडच्या अंगाला. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात मोटर चालू करायला आमचे सालदार नाना बारा-एकच्या सुमाराला बागेच्या कडेने डीपीपर्यंत (विजेच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत) चालत जातात. शेजारच्या मळ्यातून वासरू गेलं आणि बिबट्याचे ठसे थेट आमच्या पाटचारीत उमटलेले दिसले, तेव्हा नानांना नुसती बॅटरी आणि काठी देऊन पाठवणं मला पटेना. 2017 साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हाची दहशत खान्देशात कोणी विसरलेलं नाही.

यूट्यूबवर शोधायला बसलं की समोर येतात अमेरिकेतले व्हिडिओ. तिकडे रात्री कोयोटी (लांडग्यासारखं लहान जनावर) आणि रानडुकरं मारायला रायफलीवर थर्मल स्कोप लावतात. त्या लोकांचे प्रश्न वेगळे: झीरोइंग (जुळवलेला नेम) टिकतं का, रिकॉइल (गोळीचा झटका) सोसतो का, क्रॉसहेअर (नेमाची फुली) कसा आहे. स्कोपच्या किमतीत या सगळ्याचे पैसे असतात आणि आपल्याला त्यातलं काहीच लागत नाही. आपल्याकडे बिबट्या आणि लांडगा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. रानडुक्कर आणि नीलगाय पिकाची नासाडी करतात हे खरं, पण त्यांच्याबाबतही वन खात्याच्या परवानगीशिवाय काही करता येत नाही. आपलं काम एवढंच: जनावर कुठे आहे ते आधी कळावं, माणूस त्याच्या वाटेत जाऊ नये आणि ढोरं वेळेत आत घेता यावीत. त्यासाठी डोळ्याला लावायची दुर्बीण पुरते. शिवाय स्कोपमधून बघायचं तर बंदूक रोखूनच बघावं लागतं. अंधारात समोर नाना आहेत की डुक्कर हे ठरायच्या आधीच नळी तिकडे वळलेली असते. मला ते कोणत्याही किमतीत नको.

आता आकड्यांबद्दल, कारण फसवणूक इथेच होते. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहितात, ‘डिटेक्शन 900 मीटर’. म्हणजे तेवढ्या अंतरावरच्या उभ्या माणसाचा एखादा ठिपका दिसेल, बस. तो माणूस, गाय की गरम दगड, ते कळणार नाही. खरा हिशेब सोपा आहे. सेन्सरच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या (आता बहुतेकांत 12 असतो), त्याला लेन्सच्या मिलिमीटरने भागा आणि मीटरमधल्या अंतराने गुणा. एका पिक्सेलमध्ये किती मिलिमीटर जागा मावते ते उत्तर येतं. 10 मिलिमीटरच्या लेन्सला 100 मीटरवर एक पिक्सेल म्हणजे 12 सेंटिमीटर. बिबट्या खांद्याशी साधारण 60-70 सेंटिमीटर उंच, म्हणजे उभा बिबट्या जेमतेम पाच-सहा पिक्सेलचा. तेवढ्यात कुत्रं आणि बिबट्या वेगळे करता येत नाहीत. 19 मिलिमीटरच्या लेन्सला तोच पिक्सेल सहा सेंटिमीटरच्या आसपास येतो, बिबट्या दहा पिक्सेलचा होतो, शेपूट दिसते आणि चाल ओळखू येते. डिजिटल झूमने हे सुधारत नाही, ठिपके नुसते मोठे होतात. मोठ्या लेन्सची किंमतही मोजावी लागते: 100 मीटरवर 10 च्या लेन्समध्ये 30 मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, 19 मध्ये 16 मीटरचा. बांधावर उभं राहून दुर्बीण हळूहळू फिरवावी लागते, पण त्याची सवय होते. माझी 19 ची आहे आणि मी पुन्हा तीच घेईन.

बाकी दोन आकडे बघा. रिफ्रेश, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा बदलतं, 25 हर्ट्झ किंवा जास्त हवा. 9 हर्ट्झवाल्यात पळणारं जनावर अडखळत दिसतं. दुसरा एनईटीडी, म्हणजे तापमानातला किती बारीक फरक सेन्सरला कळतो; मिलिकेल्विनमध्ये लिहितात, जितका कमी तितकं चांगलं. पावसाळ्यात हाच आकडा कामाला येतो.

आमच्या हवेत ही वस्तू ऋतूप्रमाणे बदलते, आणि हे कोणत्याही विक्रेत्याने मला सांगितलं नव्हतं. पौष-माघाच्या थंडीत चित्र अप्रतिम असतं. जमीन गार, जनावर गरम; मक्याच्या कडेने गेलेला उंदीरसुद्धा चमकतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या वर जातो, तेव्हा रात्री दहापर्यंत बांधावरचे दगड, गोठ्याचे पत्रे, स्टार्टरची पेटी सगळंच पांढरं दिसतं आणि जनावर त्यात हरवतं. अशा दिवसांत मी रात्री दोननंतर किंवा पहाटे बघतो. जमीन निवते आणि फरक परत येतो. तोवर ‘ब्लॅक हॉट’ रंग (गरम ते काळं) लावला तर माझ्या डोळ्यांना जरा बरं पडतं. पावसाची झड चालू असताना सगळं एकसारखं राखाडी होतं. पाऊस थांबून अर्धा-पाऊण तास गेला की पुन्हा दिसू लागतं.

केळीबद्दल वेगळं सांगायला हवं. थर्मल पानाच्या आरपार बघत नाही. काचेच्याही नाही, बंद जीपमधून बघाल तर काचेत स्वतःचंच गरम तोंड दिसेल. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या वाढलेल्या बागेत तिरकं बघितलं की दोन-तीन खोडांपुढे भिंतच. त्यामुळे बागेच्या टोकाला उभं राहून एकेक सरी सरळ बघायची. नळीतून बघितल्यासारखी ती सरी शेवटपर्यंत दिसते. पील बागेत (खोडव्यात) बुंध्याशी पिलं सुटलेली असली की तेही अवघड. बाग बघून ‘काही नाही’ असं मी कधीच म्हणत नाही. ‘या सरीत काही नाही’ एवढंच म्हणतो. नानांनाही तेच शिकवलंय.

याउलट साक्रीकडे पाहुण्यांकडे गेलो होतो, तिथल्या उघड्या माळावर हीच दुर्बीण म्हणजे निराळीच वस्तू. ठेलाऱ्यांचा (मेंढपाळांचा) मेंढ्यांचा वाडा बसलेला होता आणि वाड्यापासून लांब दोन लांडगे कितीतरी वेळ वाऱ्याची दिशा बघत बसलेले दिसले. वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबांना दाखवलं. दुर्बीण डोळ्याला लावून ते म्हणाले, ‘आमच्या कुत्र्यांना हे कधीचं माहिती आहे.’ खरंच होतं. कुत्री सगळी त्याच बाजूला तोंड करून उभी होती. मेंढपाळांच्या कामाला ही दुर्बीण केळीवाल्यांपेक्षा जास्त येईल असं माझं मत आहे.

जनावर ओळखायला वेळ लागतो. थर्मलमध्ये अंगावरचे ठिपके दिसत नाहीत, डोळे चमकत नाहीत. आकार आणि चाल यांवरूनच ठरवायचं. बिबट्याचं डोकं खांद्याच्या रेषेत, शेपूट लांब आणि खाली झुकून टोकाशी वर वळलेली, चाल सलग. कुत्रं दुडकत जातं, थांबतं, हुंगतं, शेपूट बहुधा वर. तडसाची पाठ पुढून मागे उतरती असते, एकदा बघितली की विसरत नाही. डुकरं बुटकी, गोलसर, बहुतेक घोळक्याने. आधी दिवस मावळताना गावातली कुत्री, गायी आणि बकऱ्या यांच्यावर डोळा बसवा. ते केल्याशिवाय रात्रीचं खरं कळत नाही.

डिजिटल नाईट व्हिजन स्वस्त पडतं, थर्मलच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात येतं, म्हणून बरेच जण तेच घेतात. त्यात कॅमेऱ्याचा सेन्सर आणि सोबत इन्फ्रारेड दिवा असतो. चित्र ओळखीचं येतं, ठिपके दिसतात, डोळे चमकतात. पण आधी जनावर कुठे आहे ते माहीत हवं. शोधायला ते कमी पडतं. केळीत तर दिव्याचा सगळा उजेड जवळच्या पानावर आदळतो, पान पांढरं फटक दिसतं आणि मागे काळोख. धुक्यातही तीच गत. 850 नॅनोमीटरच्या दिव्याचा बारीक लाल ठिपका समोरून दिसतो, 940 चा दिसत नाही पण त्याचा पल्ला कमी. गोठ्याच्या अंगणापुरतं बघायचं असेल तर डिजिटल घ्या आणि समाधानी राहा. शिवारासाठी नाही.

रोजच्या वापरातली एक गोष्ट जपावी लागते. दुर्बिणीचा पडदा उजळ असतो. डोळा काढला की त्या डोळ्याला काही क्षण अंधारी येते, आणि आपण उभे असतो पाटचारीच्या काठावर. उजेड कमीत कमी ठेवायचा, एकाच डोळ्याने बघायचं आणि बॅटरी लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आमचा नेम असा: बांधावरून आधी गोठ्याची बाजू, मग डीपीची वाट, मग सऱ्या. मोठं काही दिसलं तर मोटर राहू द्यायची, खोकत-बोलत मागे फिरायचं आणि 1926 या वन खात्याच्या हेल्पलाइनला कळवायचं. रेकॉर्डिंगची सोय आहे, पण बिबट्याचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर टाकायचा नाही. सकाळी शंभर पोरं बागेत शिरतात आणि बिथरलेलं जनावर कोणावर तरी जातं.

तक्रारी आहेत. पावसाळ्यात चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण सैल झालं, आणि ज्याच्याकडून घेतली त्याने ते बदलून द्यायला बरेच आठवडे लावले. दुर्बिणीची चार्ज करायची बॅटरी आतच बसवलेली आहे. रात्रभराच्या राखणीला पॉवर बँक जोडून ठेवावी लागते आणि वायर केळीच्या पानात अडकते. बदलता येणाऱ्या 18650 सेलची मिळाली तर ती घ्या. मधूनमधून टिक आवाज होऊन चित्र अर्धा क्षण गोठतं, तो बिघाड नाही, सेन्सर स्वतःला जुळवून घेतो. भारतातलं पक्कं बिल आणि वॉरंटी नसेल तर स्वस्त मिळतेय म्हणून हात लावू नका. आमच्या गावात बाहेरून मागवलेली एक बंद पडून कपाटात आहे.

384 बाय 288 ची घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. उघडा माळ असेल आणि पैसे असतील तर घ्या, त्याच लेन्सवर पट्टा दीडपट रुंद दिसतो. केळीवाल्यांनी तो फरक वाचवून लागून असलेल्या दोन-तीन मळ्यांत मिळून एक 256 ची घ्यावी. रात्रपाळीची लाईट सगळ्यांना एकाच आठवड्यात असते, त्यामुळे ती कोणाच्या हातात राहणार हे आधी ठरवून घ्या.