पोस्टजीआयएस आणि क्यूजीआयएस: दीड वर्ष वापरून

आमच्या खात्याची कार्यालयं नागपूरपासून पार बुलढाण्यापर्यंत. जलवाहिन्या, विहिरी, व्हॉल्व्ह, सगळ्यांचे नकाशे ज्याच्या त्याच्या संगणकात. नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत आम्ही दोनदा खोदलं, व्हॉल्व्ह निघाला तिसऱ्याच जागी. खोदलं ती फाइल जुनी होती. नवी शेजारच्या टेबलावरच्या पेनड्राइव्हमध्ये. लोकांचं पाणी दिवसभर बंद राहिलं, ते माझ्या मनातून जात नाही. तेव्हाच हट्टानं पोस्टजीआयएस बसवून घेतलं.

पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशा कळायला लावणारी ही जोड २००१ पासून आहे आणि तिला परवाना शुल्क नाही. पाहायला-दुरुस्त करायला समोर क्यूजीआयएस. आता व्हॉल्व्हची नोंद एकच, सर्व्हरवर. हिंगण्याच्या कार्यालयानं दुरुस्ती जतन केली की मला सीताबर्डीत नकाशा ताजा केल्याबरोबर दिसते.

सगळ्यात मोठा फायदा झोनचा. मीटरमध्ये मोजायच्या यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे ६-६ अंश रुंद उभे पट्टे पाडलेले असतात, तेच झोन. ७८ अंश रेखांश अमरावती आणि वर्ध्याच्या मधून जातो, म्हणून अमरावती यूटीएमच्या ४३ व्या झोनमध्ये, वर्धा-नागपूर ४४ व्या. ४३ ची फाइल कुणी ४४ समजून उघडली की विहिरी सरळ ६ अंश पूर्वेला, ओडिशात जाऊन बसतात. आमच्याकडे हे घडलंय. आता सगळं अक्षांश-रेखांशात साठवतो, मोजमापापुरतं झोनमध्ये बदलतो. अशा प्रत्येक मोजणी प्रणालीला एक क्रमांक असतो; तक्त्याला ठरवून दिलेल्या प्रणालीपेक्षा वेगळा क्रमांक असलेली नोंद डेटाबेस घेतच नाही. फाइलवर क्रमांकच चुकीचा टाकला असेल तर मात्र त्यालाही कळत नाही, ते माणसानंच तपासायचं.

शेपफाइल या जुन्या नकाशा-फाइल प्रकारातून सुटलो, हेही कमी नाही. तिथे रकान्याच्या नावाला १० बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे ‘जलवाहिनी’मधलं ‘जलव’ तेवढं उरायचं.

उणिवा आहेत. दोघांनी एकाच वेळी तीच वाहिनी दुरुस्त केली तर नंतर जतन करणाऱ्याचं टिकतं, पहिल्याचं पुसलं जातं. कुणी केव्हा काय बदललं, तेही आपोआप लिहिलं जात नाही. त्यासाठी मी ट्रिगर, म्हणजे बदल होताच डेटाबेसमध्ये आपोआप चालणाऱ्या सूचना, लिहिले, तीन आठवडे गेले. आणि एकाचं काम दुसऱ्यानं पुसू नये म्हणून प्रत्येक उपविभागाला फक्त आपल्याच हद्दीत बदल करायची परवानगी दिली.

आमचे जुने फिटर काका परवा म्हणाले, “ताई, पहिल्याच खड्ड्यात सापडला जी.”

मोठ्या खात्यानं जरूर घ्यावं. पण रोजचा बॅकअप आणि परवानग्या सांभाळायला एक माणूस नेमा, आणि आधी नेमा. आमच्याकडे तो उशिरा आला, तोवर निम्मी कार्यालयं पुन्हा पेनड्राइव्हवर गेली होती.