पीएचडीला रेडिओ अ‍ॅस्ट्रॉनॉमी घ्यावी की थिन फिल्म? दोन्हीकडे काम केल्यावरचं माझं मत

एमएस्सी पार्ट टूची मुलं दरवर्षी हाच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझं एमएस्सीचं प्रोजेक्ट जीएमआरटी या पुणे जिल्ह्यातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या डेटावर होतं आणि पीएचडी मी झिंक ऑक्साईडच्या थिन फिल्मवर (काचेवर बसवलेल्या अगदी पातळ थरावर) केली, गॅस सेन्सरसाठी. नेट-सेट, फेलोशिप, गाईडकडे जागा आहे का वगैरे तुम्हाला माहीतच आहे, त्यात शिरत नाही.

रेडिओची ओढ खरीच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी बघायला गेलात आणि 45 मीटरची एक डिश वळताना पाहिली की विषय डोक्यात बसतोच, आणि अशा 30 आहेत, 14 मध्यभागी एकमेकींच्या जवळ आणि बाकीच्या वाय आकारात लांब पसरलेल्या. काम पण जगाच्या तोडीचं चालतं. जून 2023 मधे नॅनोहर्ट्झ (म्हणजे फारच संथ) गुरुत्वीय लहरींचे पुरावे जाहीर झाले त्यात युरोपियन टीमसोबत आपल्या लोकांचा जीएमआरटीचा पल्सरचा (ठरावीक वेळाने रेडिओ स्पंदनं देणाऱ्या ताऱ्यांचा) डेटा होता. शिवाय जुना डेटा काही काळाने अर्काईव्हमधे सगळ्यांसाठी खुला होतो, म्हणजे तुमच्या डिपार्टमेंटमधे एकही यंत्र नसलं तरी बऱ्यापैकी कॉम्प्युटरवर खरं संशोधन करता येतं. ही फार मोठी गोष्ट आहे, लहान गावातल्या मुलांसाठी तर जास्तच.

पण मला जे जड गेलं ते फ्लॅगिंग, म्हणजे डेटातला खराब भाग वेगळा काढणं. जागा कमी रेडिओ गोंगाटाची बघूनच निवडलीय तरी हाय टेन्शन लाईनवरच्या ठिणग्या, कुठलं तरी ट्रान्समिशन, हे सगळं डेटात येतंच आणि तो खराब भाग शोधून काढत बसावं लागतं. सॉफ्टवेअर बरंचसं करतं पण शेवटी एकेक बेसलाईन (दोन डिशच्या जोडीचा डेटा) डोळ्यांनी बघावीच लागते, निदान मला तरी लागली. तेही चाललं असतं. माझ्याकडे दोन रात्रींचा डेटा होता, त्यातल्या एका रात्री आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) इतकं हललेलं की वेगवेगळ्या डिशच्या सिग्नलची फेज काही केल्या जुळेना. कॅलिब्रेशन बदलून पाहिलं, सीनियरला दाखवलं, तीन आठवडे गेले, आणि शेवटी ती रात्र बाजूला ठेवली. ती रात्र परत येणार नव्हती. नवीन वेळ हवी तर प्रपोजल लिहा, कमिटीने मंजूर करायची वाट बघा, मग तुमची पाळी. चूक माझी नाही आणि सुधारणंही माझ्या हातात नाही, हे मला सहन झालं नाही. माझा निर्णय तिथेच झाला.

थिन फिल्ममधे काय कमी त्रास आहे असं नाही. सुरुवातीला स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) केलेली फिल्म पांढुरकी पडायची आणि बोट लावलं तरी भुकटी निघायची. नुसता फवारा मारत राहिलो की काच थंड होते हे दोन दिवसांनी लक्षात आलं, मग थोडं मारायचं, थांबायचं, तापमान परत वर येऊ द्यायचं, परत मारायचं. तिसऱ्या दिवशी काचेला घट्ट धरलेली पारदर्शक फिल्म हातात होती. बिघडलं कुठे ते मला कळलं आणि मीच ते दुरुस्त केलं, आणि त्या दिवशीचा आनंद मला रेडिओच्या वर्षभरात मिळाला नव्हता.

वाईट बाजू पण सांगतो. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणं) लवकर होतो पण एसईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) स्लॉटसाठी आम्ही महिना-दीड महिना थांबलोय. दुसरं म्हणजे झिंक ऑक्साईड, टिन ऑक्साईडवर इतके पेपर आहेत की "यात नवीन काय" याचं उत्तर पहिल्याच वर्षी शोधून ठेवावं लागतं, नाहीतर थिसिसच्या वेळी अवघड जातं. गर्दी रेडिओतही असेल, पण इथे ती रोज जाणवते.

ज्याला कोडिंग मनापासून आवडतं, आठवडेच्या आठवडे स्क्रीनसमोर शांत बसता येतं, त्याने रेडिओच घ्यावं, माझ्या बरोबरची एक मैत्रीण त्यात अगदी रमलीय. पण प्रयोग फसला तर उद्या सकाळी परत करून बघता आला पाहिजे असं ज्याला वाटतं त्याला मी थिन फिल्मच सांगेन. फक्त सेन्सरची मोजमापं मे संपायच्या आत उरका, पावसाळ्यात हवेतल्या ओलाव्याने रेझिस्टन्सची बेसलाईन (गॅस नसतानाची मूळ पातळी) सारखी हलते आणि दोन महिने काही धड हाती लागत नाही.