जाळीआडून मुलांच्या खेळाचे फोटो: मोबाईल, साधा झूम की रुंद भोकाची लेन्स?

नेट्समध्ये बॅटिंग करणाऱ्या आपल्या मुलीचा फोटो काढायला जावं, तर फोटोत सगळ्यात ठळक दिसते ती जाळी. मुंबईतल्या आझाद मैदानावरची नेट्स असोत किंवा डोक्यावरही जाळी असलेलं बॉक्स क्रिकेटचं टर्फ, अडचण सगळीकडे तीच. मग पालक कॅमेऱ्याच्या दुकानात जातात आणि विचारतात, ‘झूम किती?’ माझं स्पष्ट मत आहे की आधी लेन्सचं उजेड घेणारं भोक किती रुंद उघडतं ते बघावं. त्याचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला (लेन्सच्या नावातला मिलिमीटरचा आकडा) एफ-आकड्याने (‘एफ’च्या पुढे दिलेला आकडा) भागायचं. जाळीचा दोर दोन-तीन मिलिमीटरचा असतो. भोक त्याच्या कितीतरी पट रुंद असेल, तर दोराच्या दोन्ही बाजूंनी उजेड आत येतो आणि दोर विरघळून जातो. भोकच अरुंद असेल तर दोर चेहऱ्यावर उमटतो.

मोबाईलच्या मुख्य कॅमेऱ्याचं भोक जेमतेम चार मिलिमीटरचं. म्हणजे एकच दोर निम्म्याहून जास्त उजेड अडवू शकतो. पण मोबाईलची लेन्स इतकी लहान असते, की ती जाळीच्या चौकोनात सरळ बसते, आणि मग जाळी फोटोत येतच नाही. मोठ्या लेन्सनाही इतका स्वच्छ फोटो साधत नाही. त्यांच्या फोटोत थोडा धुरकटपणा उरतोच. फक्त एक तपासा. मागे तीन कॅमेरे असतील तर झूम केल्यावर नक्की कुठला चालू आहे, हे एकेकावर बोट ठेवून बघा. उजेड कमी असला की बरेच फोन झूमची लेन्स न वापरता मुख्य कॅमेऱ्याचंच चित्र कापून मोठं करतात. स्टान्स, बोलरचा रनअप, टेनिसची सर्व्हिस यांना मोबाईल पुरतो. मैदानभर धावणाऱ्या फुटबॉलपटूमागे मात्र चौकोनात अडकलेला फोन फिरवता येत नाही.

आता खरी चुरस. नव्या कॅमेऱ्यासोबत बरेचदा मिळणारा ५५-२५० मिलिमीटरचा झूम आणि ८५ मिलिमीटर एफ १.८ ही झूम नसलेली साधी लेन्स. झूम २५० वर नेला की एफ ५.६ मिळतो; २५० ला ५.६ ने भागा: सुमारे ४५ मिलिमीटर. ८५ ला १.८ ने भागा: सुमारे ४७. जाळी विरघळवण्यात दोघी जवळपास सारख्याच! अट एवढीच की झूम पूर्ण ताणलेला हवा. ५५ वर एफ ४ ला भोक १४ मिलिमीटरचं होतं आणि दोर पुन्हा डोकावतात. म्हणून सकाळच्या उन्हातल्या सरावासाठी मी बिनदिक्कत झूमच सुचवेन. तो लांबचं जवळ आणतो आणि १/१००० सेकंदाचा वेगवान शटरही मिळतो.

संध्याकाळच्या टर्फवर मात्र चित्र पालटतं. एफ १.८ ला एफ ५.६ पेक्षा जवळजवळ दहापट उजेड मिळतो. त्या दिव्यांखाली झूमने काढलेले फोटो एकतर हललेले येतात किंवा दाणेदार, म्हणून तिथे ८५ घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला एक फोटो उजळ, दुसरा काळपट येतो. कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा.

७०-२०० एफ २.८ या मोठ्या झूम लेन्सचं भोक २०० वर ७१ मिलिमीटरचं. जाळी, उजेड, अंतर या तिन्हींत ती सरस, पण वजन एक ते दीड किलो आणि किंमत भारी. फायनलपुरती भाड्याने आणा, विकत नको.

लेन्स कुठलीही असो, खेळाडू जाळीपासून जितका लांब तितकं बरं. कॅमेरा जाळीजवळ ठेवा. ५५-२५० किंवा ८५ सारख्या लेन्स साधारण पाऊण-एक मीटरच्या आतल्या वस्तूवर फोकस धरूच शकत नाहीत, त्यामुळे जवळ गेल्यावर फोकस जाळीत अडकत नाही. अ‍ॅपर्चर, म्हणजे ते उजेडाचं भोक, पूर्ण उघडं ठेवा. पांढरी नायलॉनची जाळी उन्हात चकाकते, तेव्हा सावलीतला भाग शोधा किंवा स्वतःची सावली तिच्यावर पडेल असे उभे राहा.

ताठ लोखंडी कुंपणाला हूड (लेन्सच्या तोंडावरची कडी) टेकवायला हरकत नाही. सैल नेटला कधीच नको. मोठ्यांच्या सीझन बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम असतं, आणि कट किंवा पुल आदळला की नेट फुगून बाहेर येतं. काचेचं जाऊ द्या, डोळ्याचा प्रश्न आहे. तिथे दोन-अडीच फूट मागे राहा. रुंद भोकाची लेन्स तेवढं अंतर निभावून नेते; मोबाईलला ते जमत नाही. जिथे चेंडू आदळतात तिथे मोबाईलचा विचारच सोडा.

‘नंतर अ‍ॅपमध्ये जाळी पुसू’ हाही पर्याय बरेच जण धरून चालतात. आकाशावरचा किंवा गवतावरचा दोर मॅजिक इरेझरसारखं साधन छान पुसतं. पण दोर डोळ्यावरून किंवा बॅटच्या ग्रिपवरून गेला असेल, तर तिथे जे भरलं जातं ते अ‍ॅपने रचलेलं असतं, आपल्या मुलीचं नसतं. अशा वेळी बाजूला सरकून दुसरा फोटो काढा. आणि शेजारच्या नेटमधली मुलं फ्रेममध्ये असतील, तर सरांना आणि त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय तो फोटो ग्रुपवर टाकू नका.