आधी नियम की आधी कान? जर्मन मुलांचं इंग्रजी व्याकरण

जर्मन लोकांना इंग्रजी शिकवणारं योहान फिक यांचं व्याकरण 1793 मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनला छापलं गेलं. माइडिंगर यांच्या फ्रेंच व्याकरणाच्या साच्यावर बेतलेलं. आधी नियम, मग सुटी वाक्यं आणि त्यांचं भाषांतर. आज ही पद्धत रटाळ वाटते, पण हेतू सोपेपणाचाच होता: साहित्यातले अवघड उतारे मुलांच्या गळी मारण्यापेक्षा छोटी वाक्यं बरी.

1882 मध्ये जर्मन भाषातज्ज्ञ विल्हेल्म फिएटोर यांनी टोपणनावानं पुस्तिका काढून या घोकंपट्टीवर सरळ हल्लाच चढवला. त्यांचं म्हणणं असं की भाषा आधी कानांनी शिकावी, उच्चार नीट बसवावेत, सलग उतारा वाचावा आणि व्याकरण त्यातूनच वेचावं. सायलेशियातल्या राइखेनबाखला क्लिंगहार्ट या शिक्षकांनी 1887 पासून हे वर्गात करून पाहिलं. सुरुवातीला नुसते ध्वनी, हातात इंग्रज ध्वनितज्ज्ञ हेन्री स्वीट यांचं बोलक्या इंग्रजीचं पुस्तक, नियम नंतर.

उच्चारासाठी फिएटोरच सरस, यात वादच नाही. मात्र एका ठिकाणी जुनी पद्धत मला उजवी वाटते. जर्मन मूल 'इश हाबे इन गेस्टर्न गेझेन' (मी त्याला काल पाहिलं; यातलं 'हाबे' म्हणजे 'हॅव') म्हणतं, म्हणून इंग्रजीतही बिनदिक्कत 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' म्हणून मोकळं होतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'सॉ' हवं. अशी चूक नुसतं ऐकून सहज सुटत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी मांडावीच लागतात.