दाढांवरचे सीलंट आणि रोजचा ब्रश : काही महिन्यांच्या वापरानंतर

मुलीच्या खालच्या दोन्ही पहिल्या कायमच्या दाढांवर सीलंट बसवून आता बरेच महिने झाले. सीलंट म्हणजे दाढेच्या चावण्याच्या पृष्ठभागावरच्या खाचांत कीड लागू नये म्हणून लावलेला पातळ संरक्षक थर. लिहिण्याचे कारण असे, की तपासणीत उजव्या दाढेवरचे सीलंट जवळजवळ दिसेनासे झालेले आढळले आणि दवाखान्यातून उत्तर मिळाले, "ती ब्रश फार जोरात घासत असेल." हे उत्तर मला मुळीच पटले नाही. डावी दाढही त्याच ब्रशने आणि त्याच टूथपेस्टने घासली जात होती, आणि तिथले सीलंट जागेवर होते.

फरक पदार्थाचा होता, आणि तो मला खोदून खोदून विचारावा लागला. उजवी दाढ तेव्हा हिरडीतून पूर्ण वर आलेली नव्हती. लाळेपासून ती कोरडी ठेवणे शक्य नसल्यामुळे तिच्यावर ग्लास आयोनोमर, म्हणजे काचेची पूड आणि आम्ल यांपासून बनणारे दातांचे सिमेंट, लावले होते. डावीवर मात्र काचेची सूक्ष्म पूड मिसळलेले रेझिन, म्हणजे कडक होणारा प्लास्टिकसारखा पदार्थ, होते. ओलाव्यात ग्लास आयोनोमर निवडणे योग्यच, शिवाय त्यातून फ्लोराइडही सुटते. पण ते रेझिनपेक्षा लवकर झिजते आणि निघून येते, हे आधीच सांगायला हवे होते.

झिजण्याची क्रिया समजून घेतली तेव्हा कळले, की ब्रशचे नायलॉनचे केस एकटे फारसे काही झिजवत नाहीत. खरे काम करतात ते टूथपेस्टमधले सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांसारखे घासक कण. ते काचेच्या कणांमधले मऊ रेझिन आधी खरवडतात, त्यामुळे काचेचे कण उघडे पडतात आणि पुढे निखळून जातात. पृष्ठभागाची चकाकी जाते आणि तो खडबडीत होतो. पृष्ठभागाचा सरासरी खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रोमीटरच्या वर गेला, की त्यावर जिवाणूंचा थर अधिक साचतो असे मानले जाते.

त्यामुळे सुरुवातीला माझा सगळा राग टूथपेस्टवर होता, आणि त्याचा काही भाग अजूनही आहे. पेस्टची घासण्याची क्षमता 'आरडीए' या अंकाने मोजतात आणि त्याची कमाल मर्यादा २५० मानली जाते. नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापतात, चवही ठळक अक्षरांत छापतात. हा अंक मात्र बहुतेक नळ्यांवर शोधूनही सापडत नाही, आणि ग्राहकाने पेस्ट अंदाजाने निवडायची हे मला अत्यंत चुकीचे वाटते. तो अंक डेंटिनवर, म्हणजे इनॅमलखालच्या (दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाखालच्या) थरावर, मोजलेला असतो, त्यामुळे सीलंटची झीज त्यावरून थेट कळणार नाही. तरीही दोन पेस्टची तुलना करायला त्याचा उपयोग झाला असता.

दुसऱ्या तपासणीनंतर माझे मत बरेचसे बदलले. डाव्या दाढेची चकाकी पूर्ण गेली आहे, परंतु ती आता मी तक्रारीत धरत नाही. ब्रशचे केस अरुंद खाचेच्या तळापर्यंत पोहोचतच नाहीत. ते वरचा, उतारावर पसरलेला पातळ थर तेवढा घासतात. चावताना समोरच्या दाढेचा भार ब्रशपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि सीलंट तुटते ते बहुधा त्या भाराने किंवा लावताना राहिलेल्या ओलाव्यामुळे. खरी भीती सीलंटच्या कडेची आहे. कड तुटली, की तिथे पायरी तयार होते, अन्न अडकते आणि सीलंटखाली कीड लागू शकते. डाव्या दाढेची कड अखंड आहे.

मधल्या काळात उजवी दाढ पूर्ण वर आली. तेव्हा ती नीट कोरडी करून, फॉस्फरिक आम्लाने इनॅमल खरखरीत करून तिच्यावरही रेझिन लावून घेतले. पारदर्शक न घेता पांढरे घेतले, कारण त्याची झीज डोळ्यांना दिसते. मऊ केसांचा ब्रश तोच ठेवला आहे. दात पांढरेशुभ्र करण्याचे आश्वासन देणारी पेस्ट मात्र बंद केली. कोणत्या दाढेवर कोणता पदार्थ लावला, हे या वेळी दवाखान्याकडून लेखी घेतले आहे.