देशी झाडांचा बियासंच : बारा पाकिटं, चाळीस गोळे आणि एक हरवलेली शेळी

मे महिना सरत आला की सोलापुरातल्या बियाण्यांच्या दुकानांत तूर-उडदाच्या पिशव्यांशेजारी बीजगोळ्यांचे (आत बी घालून वळलेले मातीचे गोळे) आणि देशी झाडांच्या बियांचे डबे मांडले जातात. इथं तपासलेला संच त्यातलाच एक. किंमत ३५० रुपये. डब्यात बारा पाकिटं, चाळीस तयार बीजगोळे आणि चार घड्यांचं रंगीत माहितीपत्रक. पाकिटं अशी : कडुनिंब, जांभूळ, बाभूळ, हिवर, बहावा, चिंच, करंज, बोर, आवळा, हिरडा, साग आणि चंदन. प्रत्येकात दहा ते वीस बिया. पत्रक सांगतं की जंगल बिया पसरवतं तसं तुम्हीही पसरवा, गाडीवरून जाताना गोळे फेकत जा, बाकीचं पाऊस बघेल.

पाऊस बघत नाही, निदान सोलापुरात तरी नाही. पण आधी ‘जंगल पसरवतं तसं’ हे शब्द तपासायला हवेत, कारण अख्ख्या संचाची कल्पना त्यावरच उभी आहे. उष्णकटिबंधीय जंगलांत निम्म्याहून जास्त, काही ठिकाणी तर नव्वद टक्क्यांपर्यंत जातींची झाडं बिया पसरवण्यासाठी पक्षी-प्राण्यांवर अवलंबून असतात. हे प्राणी बी नुसतं वाहून नेत नाहीत. कुणी गर सोलून काढतो, कुणी पोटातल्या आम्लात कवच मऊ करतो, कुणी रवंथ करताना आठळी थुंकतो, आणि बी पडतं ते बहुधा त्याच्या बसायच्या जागी, म्हणजे सावलीत. गोळा फेकल्यानं यातलं फक्त वाहून नेणं होतं. उरलेली कामं घरी करावी लागतात, आणि ती प्रत्येक बीला वेगळी. माहितीपत्रकात बाराही पाकिटांना एकच सूचना आहे : ‘१२ तास पाण्यात भिजवा’.

पहिलं पाकीट कडुनिंबाचं उघडा. निंबोळी ब्लेडनं उभी चिरली की आतला मगज हिरवा दिसला पाहिजे. या पाकिटातला पिवळट-तपकिरी आहे आणि काहींचा तर आक्रसून कवचापासून सुटलाय. हे बी मेलेलं आहे, भिजवून ते फक्त कुजेल. यात दुकानदाराची लबाडी असेलच असं नाही, सरळ कॅलेंडरचा हिशेब आहे. आपल्याकडे निंबोळ्या पिकतात जून-जुलैत. मे महिन्यात विकायला असलेली निंबोळी गेल्या वर्षीचीच असणार, आणि निंबोळीची उगवणशक्ती आठवड्यांत मोजायची असते. पाकिटावर ‘पॅकिंग : एप्रिल’ असं छापलंय. पॅकिंगच्या तारखेला इथं काहीच अर्थ नाही, बी झाडावरून कधी उतरवलं ते हवं, आणि ते बारापैकी एकाही पाकिटावर नाही. शिवाय हवाबंद प्लॅस्टिक. निंबोळीला कापडी पिशवी किंवा गोणपाटच मानवतं.

कडुनिंब लावायचाच असेल तर जूनच्या अखेरीला पिवळी झालेली फळं गोळा करा. त्याच दिवशी वाळू घालून पाण्यात चोळा, म्हणजे बुळबुळीत गर निघतो. तो राहिला की दोन दिवसांत आंबतो आणि बी तापून जातं. मग सावलीत दोन-तीन दिवस पसरवा, उन्हात नको, आणि पंधरवड्याच्या आत लावून मोकळे व्हा. याहून सोपा मार्ग म्हणजे वटवाघळं. ती पिकलेली निंबोळी तोंडात धरून दुसऱ्या झाडावर जातात, गर चोखतात आणि बी खाली टाकतात. अशा झाडाखाली सकाळी सोललेल्या, स्वच्छ निंबोळ्यांचा सडा मिळतो. फुकटात सोलणी.

जांभळाचंही तेच रडगाणं, उलट जास्तच. जांभळाचं बी वाळलं की संपलं. पाकिटातल्या बिया दगडासारख्या खडखडतात. जांभळं बाजारात जूनमध्ये येतात, खाऊन झाल्यावर राहिलेली ओली बी लगेच पिशवीत खोचावी. त्यासाठी दुकानात जायची गरजच नाही.

आता बाभूळ आणि हिवर. या दोन पाकिटांतल्या बिया चांगल्या आहेत. चकचकीत, भरीव आणि पाण्यात बुडणाऱ्या. बाभळीच्या बियांत दोन-तीनवर गोल भोक दिसलं, तो भुंगेऱ्याचा उद्योग. असं बी वेगळं काढून टाकावं. पण भोक नसलेलं बी बारा तास भिजवून काहीही होणार नाही, कारण कवचातून पाणी आत शिरतच नाही. जिवंत बी तसंच मातीत पडून राहील, काही महिने, कधी काही वर्षंही. हे कवच फोडायचं काम आपल्या माळावर शेळ्या-मेंढ्या करतात. शेंगा गोड लागतात म्हणून त्या खातात, टणक बिया दाढेतून निसटतात आणि लेंडीतून किंवा रवंथ करताना बाहेर पडतात. पोटातल्या प्रवासात कवच झिजलेलं असतं. म्हणून वनखात्याचे लोक बाभळीचं बी शेळ्यांच्या वाड्यातून गोळा करत आलेत. संचात खरी गरज होती ती या शेळीची.

ती सोलापूर जिल्ह्यात मिळणं अवघड नाही. धनगरांचा वाडा रानात बसून उठला की मागं राहिलेली लेंडी झाडून घ्या, रात्रभर पाण्यात ठेवा, हातानं कुस्करा. चोथा वर तरंगतो, भरीव बी तळाला बसतं. एवढंच काम. फक्त एक खबरदारी : याच वाड्यात वेड्या बाभळीचं बीही हमखास असतं. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आणलेली ही झाडं आज ओढ्या-नाल्यांत माजली आहेत, ती याच शेळ्यांच्या कृपेनं. बाभळीचं बी चपटं, काळपट-तपकिरी, त्यावर घोड्याच्या नालासारखी रेघ. वेड्या बाभळीचं बी लहान असतं आणि बऱ्याचदा फिकट, चामट्या आवरणात अडकलेलं सापडतं. शंका आली की फेकून द्या.

वाडा जवळ नसेल तर गरम पाणी. बियांच्या पाचपट पाणी उकळा, भांडं चुलीवरून खाली उतरवा, मग बी त्यात टाका आणि दुसऱ्या दिवसापर्यंत राहू द्या. बहुतेक जण चुकतात ते इथंच. भांडं आचेवर असतानाच बी टाकतात आणि कोंब शिजवून बसतात. सकाळी जे बी फुगून दुप्पट झालंय ते लावायचं. जे तसंच टणक राहिलंय त्याला पुन्हा एक फेरी.

बहाव्याला गरम पाणी पुरतंच असं नाही. तिथं पॉलिश पेपर किंवा नेलकटरच्या कानशीवर बी एका कडेला घासा, आतला फिकट भाग जरासा दिसला की थांबा. ज्या टोकाला बी शेंगेच्या पडद्याला चिकटलेलं असतं ते टोक सोडून घासायचं, कोंब तिथूनच येतो. जंगलात हे काम कोल्हे, माकडं आणि अस्वलं करतात. काळ्या गोड गरासाठी ते शेंग फोडतात. एका शेंगेत चाळीसच्या पुढे बिया निघतात. पाकिटात दहा आहेत. सोलापुरातल्या कुठल्याही बहाव्याखाली वाळलेली शेंग पडलेली असते, तेव्हा या पाकिटाचे पैसे वायाच.

चिंच आणि करंज सरळ. चिंच एक दिवस भिजवून, करंज नुसता. करंजाची शेंग पाण्यावर तरंगत जाणारी, म्हणून त्याची जागा ओढ्याकाठी, माळाच्या टोकावर नव्हे. बोराची आठळी अडकित्त्यात किंवा हातोडीनं हलकेच फोडून आतली बी काढली तर आठवडाभरात उगवते. अख्खी आठळी लावली तर महिनाभर वाट बघा.

आवळ्याच्या पाकिटात बंद आठळ्या आहेत आणि पत्रक त्यांनाच ‘बी’ म्हणतं. जंगलात चितळ-सांबर आवळे गिळतात आणि रवंथ करताना आठळी थुंकतात. पुढं ती उन्हात तडकते, आत तीन कप्पे, कप्प्यात दोन-दोन बारीक तपकिरी बिया. घरी आठळ्या सुपात घालून वर पातळ कापड झाका आणि कडक उन्हात ठेवा. तडतडून फुटतात आणि बी उडून जातं, कापड त्यासाठीच. सोलापूरचं मे महिन्याचं ऊन या एका कामाला उत्तम.

हिरडा आणि साग या संचात का घातले ते कळत नाही. हिरडा सह्याद्रीच्या पावसाचा. साग इथल्या उघड्या मुरमाड माळावर, बिनपाण्याचा, झाड म्हणावा असा होत नाही. वर सागाच्या फळाला आठवडा-दोन आठवडे आळीपाळीनं भिजवायचं आणि वाळवायचं असतं. त्यांच्या जागी वावळा आणि पळस हवे होते. कोरड्या पानगळीच्या जंगलांत वाऱ्यावर जाणाऱ्या बियांचा वाटा सदाहरित जंगलापेक्षा मोठा असतो. ऐन उन्हाळ्यात झाडं निष्पर्ण, आडोसा नाही, वारा मोकळा. वावळ्याच्या कागदी चकत्या एप्रिल-मेमध्ये रस्त्यावर घोंगावत असतात, पळसाच्या चपट्या शेंगा पावसाआधी तयार होतात. दोन्ही ताज्या मिळतात, दोन्हींना प्रक्रिया लागत नाही, दोन्ही या जमिनीत टिकतात. सोलापूरसाठी म्हणून विकलेल्या संचात नेमक्या याच दोन नाहीत.

चंदनाचं पाकीट सगळ्यात महागडं दिसतं आणि सगळ्यात दिशाभूल करणारं आहे. चंदन अर्धपरजीवी. मुळांनी दुसऱ्या झाडाचा आधार घेतल्याशिवाय ते वाढत नाही. रोपाशेजारी तूर लावली तर सुरुवातीचा आधार होतो. रानात कोकीळ-बुलबुल फळ खाऊन झुडपाच्या फांदीवर बसतात, बी झुडपाखाली पडतं आणि आधार आपोआप मिळतो. मोकळ्या माळावर फेकलेल्या चंदनाला कोण मिळणार? पत्रकात तुरीचा उल्लेखही नाही.

बीजगोळे काळ्या मातीचे आहेत, आणि पुढच्या सगळ्या दोषांचं मूळ तिथंच. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. डब्यातल्या गोळ्यांचा चुरा खाली साचलेला आहे आणि पाच-सहा गोळे मधोमध उललेत. एक फोडून पाहिला तर आत चिंचोका एक आणि बाभळीच्या बिया तीन. म्हणजे पहिल्या सरीला चिंचोका फुगून गोळा फोडणार आणि प्रक्रिया न केलेली बाभूळ तशीच बसून राहणार. गोळे घरीच करायचे तर लाल किंवा कुंभाराची माती पाच वाटे आणि चाळलेलं जुनं शेणखत दोन वाटे. एका गोळ्यात एकाच जातीचं बी, फार तर दोन. आकार लिंबाहून लहान. सावलीत तीन दिवस वाळवा. कमरेइतक्या उंचीवरून फरशीवर टाकला तर फुटता कामा नये, आणि पाण्यात ठेवला तर काही तासांत विरघळायला हवा. भिजवलेलं बी गोळ्यात घालू नये, गोळा वाळेपर्यंत ते आतच मोडावतं आणि मरतं. वड-पिंपळ-उंबराचं बी तर गोळ्यात कधीच नको. मोहरीहून बारीक असतं ते आणि त्याला उजेड लागतो. म्हणूनच ते वाड्यांच्या भिंतीत, मैनेची किंवा तांबटाची शीट पडते तिथं उगवतं.

‘सगळे गोळे एका जागी टाकून छोटं जंगल तयार करा’ हाही पत्रकाचा सल्ला. पर्यावरणशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये याच्या उलट मांडलं होतं. एकाच जातीचं बी आईच्या झाडाखाली दाटीनं पडलं की त्या जातीवर टपलेले किडे आणि बुरशी ते सगळं साफ करतात, लांब गेलेलं बी वाचतं. जंगलात इतक्या जाती एकत्र का नांदतात याचं एक कारण त्यांनी हेच दिलं. थोडक्यात, पांगवा. आणि पांगवताना पक्षी कुठं बसला असता ते बघा : बांधावरची बोर, काटेरी झुडूप, दगडाचा आडोसा. तिथं सावलीही असते आणि गुरांचं तोंडही पोचत नाही.

जिथं गोळे अजिबात टाकू नयेत अशी जागा म्हणजे सोलापूरजवळच्या नान्नज परिसरातली गवताळ माळरानं. १९७९ मध्ये तिथं माळढोक अभयारण्य झालं ते मोकळ्या गवतासाठीच. काळवीट आणि धाविक, चंडोल या पक्ष्यांना लांबवर दिसणारा उघडा माळच लागतो. पत्रकावरचा ‘ओसाड माळ हिरवा करा’ हा फोटो पाहून कुणी तिथं बाभळी पेरल्या तर नुकसानच.

वेळेचं म्हणाल तर मृगाच्या पहिल्या सरीला हुरळून जाऊ नका. आपल्याकडे जुलैत बऱ्याचदा उघडीप पडते आणि जिल्ह्याचा सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात येतो. जमिनीत वीतभर ओल गेली की टोकायला सुरुवात करा, आणि बाभूळ-हिवराचं निम्मं बी प्रक्रिया केलेलं, निम्मं तसंच ठेवून मिसळा. पहिलं करपलं तर दुसरं मातीत शिल्लक असतं. झाडानं कवच टणक ठेवलंय ते यासाठीच.

३५० रुपयांत हाती येतं ते असं : सहा पाकिटं वापरण्याजोगी (बाभूळ, हिवर, बहावा, चिंच, करंज, बोर), आवळा मेहनतीनंतर, साग-हिरडा चुकीच्या गावाला, चंदन तुरीविना अडलेलं, दोन मेलेली. गोळे फोडून त्यातल्या बिया वेगळ्या कराव्यात. डबा मात्र पत्र्याचा आणि चांगला आहे, बियांना हवाबंद नको म्हणून झाकणाला दोन भोकं पाडून वापरता येतो. मेलेल्या निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या तर फवारणीचा अर्क होतो, लिटरला ५० ग्रॅम या मापानं. पाकिटातल्या वीस निंबोळ्यांत अर्धा कप निघेल, गॅलरीतल्या एका मोगऱ्यापुरता.